चौथा त्रिकोण

तीन आहेत माझ्याकडे.
पहिला लीएजच्या रविवारच्या बाजारात मिळाला,
शिवणयंत्राखाली अंथरलेला, तेलकट.
बाईने फडकं म्हणून दिला, फडक्याच्याच भावात.
दुसरा लात्वियाहून टपालाने आला,
घडीत पाइनची वाळकी सुई घेऊन.
तिसऱ्याची खरी किंमत
मी इर्मगार्डला अजून सांगितलेली नाही.

चार शिपाई, चार त्रिकोण.
कडांना साठावर बटणं,
एकमेकांत अडकवली की तंबू उभा राहतो.
एकट्याने आपला तुकडा अंगावर घ्यायचा,
डोकं काढायला मधोमध फट आहे.
चौघांतला एक गेला
तर उरलेल्या तिघांनी काय करायचं,
हे पुस्तिकेत नाही.
मी शोधलं.

लोक विचारतात, थेट नाही,
कपाटाकडे बघत बघत.
मी सांगतो, गरुड असलेलं काही घेत नाही,
पदक नाही, बक्कल नाही, खंजीर तर नाहीच.
भूक, तहान आणि पाऊस, एवढ्यापुरतंच माझं कपाट:
कसर लागलेल्या नमद्यातली पाण्याची बाटली,
झाकणावर कुणीतरी खिळ्याने दिवस मोजलेला डबा,
पावाची पिशवी, जी मी धुतलेली नाही.
हे उत्तर मला पाठ आहे.
पाठ आहे म्हणूनच
त्याच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

चाळीस साली सीमा आमच्या घरावरून पलीकडे सरकली.
घर जागचं हललं नाही.
मत्तियासकाका बेल्जियन म्हणून जेवायला बसला होता;
पुढे त्यांचाच गणवेश घालून गेला,
आणि त्याची बाटली, डबा, त्रिकोण
काहीच परत आलं नाही.
तोही.

चौथा कुठे आहे ते मला ठाऊक होतं.
रॉयलांडच्या उतारावर, ओटिली मराइटच्या
सरपणाच्या ढिगावर, चार दगडांखाली.
अकरा वर्षं मी विचारत होतो.
ती म्हणायची, लाकडं भिजतील.
एका वर्षी मी ताडपत्री नेली,
हिरवी, जाड, दहा वर्षांची हमी असलेली.
ती तिने ठेवून घेतली.
त्रिकोणही ठेवला.

या ऑक्टोबरात तिचा फोन आला.
"तुझे तीन घेऊन ये. मला एकदा उभा बघायचाय."

गोठ्यामागच्या गवतात आम्ही बटणं लावत बसलो,
नव्वदीच्या तिच्या बोटांना माझ्याहून बरी जमली.
तिच्या कडेचं एक बटण वेगळंच होतं,
मोठं, तपकिरी, बायकांच्या कोटाचं.
"आईने लावलं. रक्त धुतल्यावर.
म्हणाली, फाटकं ठेवायचं नाही."

जानेवारीत, बर्फात, रानातून
तिच्या भावाला यावर घालून आणलं होतं.
पंधरा वर्षांचा. दूध द्यायला गेला होता.
"त्रिकोणाला कोपरे तीनच," ती म्हणाली,
"तिघांनी धरलं होतं.
चौथा नुसताच चालत होता बाजूने,
शिरस्त्राण हातात घेऊन."
मी विचारलं, कोण होते ते?
"मुलगे होते.
हे परत न्यायला कोणी आलं नाही."

मग ती वाकून आत गेली,
मला दूध काढायचं स्टूल आत द्यायला लावलं.
भुरभुर सुरू झाली.
त्या तपकिरी बटणापाशी कापड नीट मिळत नव्हतं,
तिथून थेंब येत होते, तिच्या मांडीवर.
ती सरकली नाही.
मी बाहेर काठी धरून उभा राहिलो.
आत ये, असं ती म्हणाली नाही
आणि मला ते बरंच वाटलं.

तासाभराने तिने आपली बाजू सोडवली,
एकेक बटण, घाई न करता,
आणि पुन्हा लाकडांवर घातली. चार दगड.
माझी हिरवी ताडपत्री
कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे, दिसली.

घरी आल्यावर वहीत नोंद केली:
चौथा. रॉयलांड. सरपणावर. वापरात.
किमतीचा रकाना कोरा ठेवला.

मग तसाच स्वयंपाकघरात गेलो
आणि इर्मगार्डला तिसऱ्याची किंमत सांगितली.
ती बटाटे सोलायची थांबली.
"युरो?" म्हणाली.