बिल्ला नंबर २२१७

मंगळवार आणि गुरुवार, दहा ते दोन,
मी इथे लोकांना बॉयलर दाखवते.
पगार नाही. कॉफी फुकट,
आणि कोटाला लावायला इंजिनाचं चित्र असलेली पिन.

पिवळ्या बसमधून शाळेची मुलं येतात.
मी म्हणते, हात लावा, इथे चालतं,
लोखंड रागवत नाही.
परवा एका पोरीने विचारलं,
हे इतकं स्वच्छ कसं?
तिला सांगावं लागलं, हे कधीच स्वच्छ नव्हतं.
काजळी आम्ही नंतर धुतली,
अनुदान मिळालं तेव्हा.

दुसऱ्या दालनात एक लाल बटण आहे.
दाबलं की रिव्हेट ठोकल्याचा आवाज येतो, वीस सेकंद,
कुणाच्या कानाला इजा होणार नाही इतपतच मोठा.
तसा नियम आहे, भिंतीवर लिहिलाय.

माझे वडील, श्टेफान हुदाक,
बॉयलरच्या पोटात उकिडवे बसायचे.
बाहेरून फ्योरावांती हातोडा चालवायचा,
आतून हे लोखंडी दांडा टेकवून रिव्हेट दाबून धरायचे.
कानांत कापूस, कापसावर मेण.
एकतीस वर्षं.
चाळिशीत त्यांना चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या,
मग आईची कुजबुज,
मग आई.

घरात आम्ही सगळे ओरडून बोलायचो.
मीठ दे, तेही ओरडून.
प्रार्थनासुद्धा.
नव्या शेजाऱ्यांना वाटायचं, या हुदाकांकडे रोजचीच भांडणं.
अजून फोनवर लोक मला म्हणतात, जरा हळू.

जिन्याजवळ फोटो आहे: बॉयलर शॉप, रात्रपाळी, १९४८.
खाली नावं, डावीकडून उजवीकडे,
आणि कडेच्या झाडूवाल्याखाली, "अज्ञात मजूर".
मागच्या हिवाळ्यात काठी टेकत एक बाई आल्या,
बुटांचा बर्फ झटकला, फोटोपाशी थांबल्या,
काचेवर बोट ठेवून म्हणाल्या,
अज्ञात कसा? हा इझेकिएल टर्नबो. माझा आजोबा.
कुठल्या बॉयलरला कुठे गळती, त्याला तोंडपाठ.
गोरे मिस्त्री त्यालाच विचारायला यायचे,
आणि हातात शेवटपर्यंत झाडू.

मी काहीतरी बोलले, बहुधा क्षमाच मागितली.
त्या म्हणाल्या, ओरडू नका, मला ऐकू येतं.
मग दोघी हसलो. मग नाही हसलो.
ऑफिसात बसून कार्ड नव्याने टाइप केलं,
टर्नबोचं स्पेलिंग त्यांनी दोनदा तपासलं.
समितीची मंजुरी अजून यायची आहे.
कार्ड लावून टाकलंय.

शेवटचा तो फळा. लोक तिथे फारसे थांबत नाहीत.
खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याला पितळी बिल्ला.
कामावर येताना बिल्ला काढून खिशात टाकायचा,
जाताना परत अडकवायचा.
पाळी संपली आणि खिळा रिकामा दिसला
तर माणूस अजून आत आहे असं धरायचे,
आणि कुणीतरी कंदील घेऊन शोधायला जायचं.

सदुसष्ट साली शॉप बंद झालं त्या संध्याकाळी
सगळ्यांनी बिल्ले अडकवले.
वडिलांनी नाही.
त्यांनी तो घरी आणला, पिठाच्या डब्यामागे ठेवला,
आणि विषय संपवला.

आता तो माझ्या पर्समध्ये असतो, सुट्ट्या नाण्यांत.
२२१७. आकड्यातला एक झिजून नुसती रेघ उरलीय.
क्युरेटर तरुण आहे, भला आहे, दर महिन्याला म्हणतो,
मिसेस केनेडी-हुदाक, तेवढा एक मिळाला तर फळा पूर्ण होईल.
मी म्हणते, शोधते हं.

दोन वाजता दिवे घालवायचं काम माझ्याकडे.
एकेक दालन करत मागे येते.
गुडघे दुखतात, तरी बॉयलरशी वाकते,
झाकणाच्या भोकातून टॉर्च आत धरते.
रिव्हेटच्या ओळी, गंज, कुणीतरी टाकलेलं चॉकलेटचं वेष्टन.

तातो, दोन वाजले, चला, असं म्हणते.
ओरडूनच म्हणते.
हळू बोललेलं त्यांना कुठे ऐकू येतं.