गुणगुण

पारोळ्याच्या पुढे, साठच्या वेगाला
डाव्या चाकात कुणीतरी गुणगुणायचं.
उजवं वळण आलं की जोरात,
डाव्याला गप्प.
रत्ना म्हणाली, तुझ्या थोरल्या काकूसारखी आहे गाडी,
विचारलं की काही नाही म्हणते.

नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये,
कुल्फीच्या साच्यांना टेकून.
नकल उघडं ओट्यावर. मेचं अमळनेर,
दुपारचे दोन. गॅसबत्ती कशाला हवी?

सर्क्लिप उडाली ती थेट
खाटेवरच्या ओल्या बिबड्यांत.
त्यावर काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

दगाआबा आले, जिनातले जुने फिटर.
'काय करी राह्यना, भो?'
जुनं बेअरिंग त्यांनी बोटावर फिरवलं, डोळे मिटून.
आत बाजरी दळल्यासारखी कचकच.
'गाडीनं सांगेल व्हतं तुले,' म्हणाले,
आणि ते खिशात घालून घेऊन गेले. कशाला, कोण जाणे.

नवं अर्धं आपसूक उतरलं, टक्.
उरलेल्या अर्ध्याने संध्याकाळ खाल्ली,
अंगठ्याचं नखही.

परतताना, साठला, पुन्हा तोच सूर.
थांबलो, उतरलो, चाकाला हात लावला.
गार.
काचेतून पाहिलं तर रत्ना,
ओठ मिटलेले, शेताकडे बघत,
अजून चालूच.