मातेरं

लातूरच्या आडतीत चाँदसाब मापाडी
एक म्हणत नसत.
पहिल्या पोत्याला लाभ म्हणत,
मग दोन, मग तीन.
मी सहा वर्षांचा. विचारलं, एक कुठं गेला?
तोंडातलं पान डाव्या गालात सारून ते म्हणाले,
एक म्हटलं की संपलं, बेटा.
लाभ म्हटलं की दुसरं येतं.

आता मी गंजगोलाईच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर
एकेका बॅचला एकशेदहा पोरांना
भौतिकशास्त्र शिकवतो.
सुरुवातीला, म्हणजे सुरुवातीच्याही सुरुवातीला,
द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान निघालं.
कणासमोर प्रतिकण, तळव्यासमोर तळवा,
फक्त भेटले की टाळी नाही वाजत,
दोघंही जातात.
मागं उजेड.
जमा तेवढा खर्च, बाकी शून्य यायला हवी होती.
आली असती तर
ना तूर, ना तराजू, ना मांजरा नदी, ना तुमची फी.

फी म्हटलं की पोरं हसतात.

मग तूर सांगतो,
कारण अब्ज कुणाला दिसत नाही, तूर दिसते.
शंभर दाणे दहा ग्रॅम.
अब्ज दाणे हजार क्विंटल,
म्हणजे दहा ट्रक.
प्रतिद्रव्याचे दहा ट्रक यार्डाच्या एका फाटकातून आले,
द्रव्याचे दहा दुसऱ्या,
आणि या दहांत, कुठल्यातरी पोत्याच्या शिवणीत
एक दाणा जास्त.
एवढंच.
वीस ट्रक विझून उजेड झाले.
तो अजून फिरतोय, निवत निवत
शून्याखाली दोनशे सत्तर अंशांवर आलाय.
त्या एका दाण्यात आपण,
बालाघाटाचे डोंगर, शनीची कडी,
तुझ्या हातातला तो वडापाव. ठेव खाली.

उदगीरची निदा बोट वर करते.
सर, पण जास्त का?
परीक्षेला नाही, मी म्हणतो.
ती बोट खाली घेत नाही.
तेव्हा सांगावं लागतं:
आरशात धरले तर काही कण जरा वेगळे वागतात,
मोजलंय ते,
पण तेवढ्या फरकानं दाणा भरत नाही.
पुढचं मला माहीत नाही.
मलाच असं नाही, कुणालाच.

घरी आई. केवळाबाई.
सौदे उठले, काटे झाकले, हमाल चहाला गेले
की ती फडा घेऊन आडतीत शिरायची.
सांडलेलं ते मातेरं:
निम्मी माती, सुतळीचे तुकडे, विडीची थोटकं,
आणि दाणे.
विकणाऱ्याचे नाहीत, घेणाऱ्याचे नाहीत,
कुठल्याच पावतीत न धरलेले.
सूप धरून ती उकिडवी बसायची,
मातीचा लोट तिच्याच डोळ्यांत जायचा.
त्या दाण्यांवर मी बी.एस्सी. झालो.

तिला विचारलं.
आधी तिनं वीस ट्रकांचं भाडं कुणी भरलं ते विचारलं.
मग म्हणाली,
काटा कुठंतरी अडला आसंल.
न्हाईतर मापाड्यानंच केलं आसंल कायतरी.
चाँदसाब करायचा की.
झाडणारी दारात दिसली
की पोत्याला हुक जरा तिरका मारायचा.

तिरका मारायचा.
हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आभाळात मी कुणाचा हुक शोधत नाही,
तेवढं भौतिकशास्त्र मला येतं.
पण रात्री गच्चीवर पाणी सोडायला गेलो
आणि नळ तसाच चालू राहिला.

सकाळी सातची बॅच.
हजेरी घेताना पहिल्या नंबराला
तोंडातून निघालं, लाभ.
पोरं हसली.
निदा हसली नाही.
तिनं ते वहीत लिहून घेतलं
आणि पुढं प्रश्नचिन्ह केलं.