पाचपावली

आम्ही पाचपावलीत राहतो.
पण कुठलीच गोष्ट पाच पावलांवर नव्हती, बाप्पा.

पहिली शाळा म्हणाली, पुढच्या वर्षी बघू.
दुसरीनं फॉर्म दिला, घेतला, परत दिला.
तिसरीतल्या बाईंनी चहा पाजला
आणि कप उचलता उचलता म्हणाल्या,
'अशा मुलांसाठी वेगळं काहीतरी असतं नं.'
असतं. कुठं असतं,
ते बाईंनाही ठाऊक नव्हतं.

सुगत सात वर्षांचा. शब्द एकही नाही.
त्याचे बाबा गल्लीच्या तोंडाशी कुलर दुरुस्त करतात
आणि याला प्रत्येक मोटरचा आवाज पाठ:
घर्र म्हणजे बेअरिंग गेलं,
घूंऽऽ म्हणजे पंपात गाळ.
हा नुसता आवाज काढतो, बाबा पाना उचलतात.
फॉर्ममध्ये हे लिहायला रकाना नाही.

मेडिकलला बुधवारी गेलो, तर तपासणी शुक्रवारी.
शुक्रवारी गेलो, तर कानाचे डॉक्टर रजेवर.
त्याच्या पुढच्या शुक्रवारी टोकन एकशे चार,
पंखा एक, स्पीकरवर नावं,
आणि सुगत कान दाबून फरशीवर आडवा.
कुणीतरी म्हणालं, 'लाडावून ठेवलं पोट्टं.'
मी त्याच्याशेजारी बसले, खालीच.
फरशी गार होती.
मे महिन्यात तेवढंही पुष्कळ.

तिथं भेटली नसरीन, ताजबागकडची.
तिच्या पोरीच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेली चित्रं:
पाणी, शी, घर, नको.
पोरगी सकाळपासून 'नको'वर बोट ठेवून बसलेली.
मला हसू आलं. मग नसरीनलाही.
गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यावर तिनं लिहून दिलं:
हेडाऊ मॅडम, मनपाची शाळा, मंगळवारी अकरा ते एक.
'मेरा नाम लेना,' म्हणाली.
खाली पत्ता होता. मी तो दोनदा वाचला.

वर्षभर धरमपेठ, मानेवाडा, वाडी,
एकदा तर भर उन्हात कामठीला जाऊन आले,
आणि ही शाळा,
हिच्या कंपाउंडला टेकून तर मी रोज वांगी घासाघीस करून घेते.

बंद कॉम्प्युटरच्या खोलीत दोन चटया.
हेडाऊ मॅडमकडे सहा शाळा, एक स्कूटी,
डिकीत ठोकळे, मणी, घामेजलेली पाण्याची बाटली.
त्यांनी विचारलं नाही, याला काय येत नाही.
ते सांगायची मला इतकी सवय, की मीच सुरू झाले.
'ते आहे फाइलमध्ये,' म्हणाल्या. 'याला आवडतं काय?'
मी मोटरींचं सांगितलं. बेअरिंगचं, गाळाचं.
त्यांनी पट्टी घेतली, वहीत एक उभी रेघ मारली
आणि त्या नव्या रकान्यात लिहिलं सगळं,
'घूंऽऽ'सुद्धा, अवग्रहासकट.

फार काही झालेलं नाही, उगीच कशाला सांगू.
प्रमाणपत्र अजून 'प्रक्रियेत' आहे.
सासूबाई अजून म्हणतात, बोलेल आपोआप, त्याचा काका उशिराच बोलला.
पाच महिन्यांत सुगतकडं तीन चित्रं आहेत.
त्यातलं एक कुलरचं, मॅडमनी हातानं काढलेलं,
पंखा जरा वाकडा.
परवा भरल्या ताटावरून उठून
त्यानं ते माझ्यापुढं धरलं.
मी वायर तपासली, बटण तपासलं, टाकी पाहिली.
मग कळलं, बाबा कुठं आहेत, असं विचारत होता.

घरापासून ती शाळा पाच पावलं नाही.
मोजली मी. तीनशे बारा.
मध्ये एक डीपी लागते, विजेची, गंजलेली.
तिथं सुगत थांबतो, कानावरचे हात काढतो,
आणि तिच्या सुरात सूर मिळवत उभा राहतो.
येणारे-जाणारे बघतात.
बघू दे.
मंगळवारी आम्ही घरून दहा मिनिटं आधीच निघतो.