स्थानिक नाव

कणकुंबीच्या वरचा जांभ्याचा सडा उतरून
झाडीत शिरलो तेव्हा साडेपाच वाजले होते.
नेत्रावती हुक्केरी पुढं, मी मागं.
माझ्याकडं वही, कापडी पिशव्या,
जळवांसाठी तंबाखूचं पाणी.
दिवसाला चारशे मिळतात मला,
वर ही शिकवण, की उचललेला दगड
होता तसाच परत ठेवायचा.
"सावकाश," ती म्हणते, "कुणाचं तरी छप्पर आहे."
धारवाडची पोर. मराठी बोलते
अंधारात जिना उतरल्यासारखी, एकेक पायरी चाचपत.

अंगठ्याएवढी पाल. कातळाच्याच रंगाची,
म्हणजे दसऱ्यानंतरच्या कातळाच्या:
थोडं शेवाळ, थोडा गंज, मधूनच राख.
घरातल्या पालीच्या डोळ्यात उभी चीर असते,
हिची बाहुली गोल.
बोटांना गाद्या नाहीत, नुसत्या नख्या.
हिला भिंत ठाऊकच नाही.

ती कॅलिपर लावते. शेपूट सोडून एकतीस मिलिमीटर.
मी लिहितो, एकतीस.
शेपूट मूळची नव्हे, तुटून पुन्हा आलेली;
सांध्यापुढं नक्षी नाही, सपाट करडा रंग.
मी लिहितो, पुन्हा आलेली.

मग रकाना: स्थानिक नाव.
"काय म्हणता तुम्ही?"
"पाल."
"ते सगळ्यांनाच की. हिला?"
"तुम्ही काय म्हणता?"
"हल्ली."
मी थांबलो. हल्ली काय?
हल्ली पाऊस लांबतो? हल्ली खानापूरची बस चुकते?
वाक्य काही पुढं येईना.
मग ती हसली, झाडाच्या खोडावर
पाच बोटं सरसर चालवून दाखवली.
हल्ली म्हणजे पाल. आणि ल चा ळ केला तर गाव.
जिभेच्या एवढ्याशा वळणावरून
आमच्याकडं किती पाट्यांना काळं फासलं गेलं
ते आम्ही दोघंही बोललो नाही.

पाचव्या कातळाच्या पोटाशी अंडी.
दोन, दोन, पुन्हा दोन,
निरनिराळ्या माद्यांनी एकाच आढ्याला चिकटवलेली,
खडीसाखरेच्या खड्यांसारखी.
काही फुटून रिकामी, गेल्या सालची असतील;
त्यांना खेटूनच नवी.
त्याच कातळाच्या वरच्या अंगाला
चुन्याचा बाण, आणि चौदा हा आकडा.
रस्ता रुंद करणाऱ्यांचा.
आकडा मराठी की कानडी, सवयीनं बघितलं.
इंग्रजी होता.

रात्री आईला विचारलं.
भिरंडं वेचायला ती याच कातळांत जायची.
"ती होय? ती उगी."
"उगी?"
"घरातली चुकचुकते, मग आपण बोट आपटून
कृष्ण कृष्ण म्हणतो. ही काही म्हणत नाही.
खरं बोल, खोटं बोल,
उगी बसून ऐकते."
आणि परत भाकरी थापायला लागली.

सकाळी रकान्यात लिहिलं: उगी.
नेत्रावतीनं शेजारी आपल्या लिपीत तेच लिहिलं,
दोनदा म्हणून बघितलं,
दुसऱ्यांदा रडणाऱ्या पोराला म्हणतात तसं झालं.
मग पेन न मिटता विचारलं,
"आणि त्या चौदा नंबरच्या कातळाला?"

त्याला नाव असणारच.
आईला विचारायला पाहिजे,
बाण पुसायच्या आधी नाही तर नंतर,
पण पाऊस लागायच्या आत.