माजी कर्मचारी

शुक्रवारी साडेचारला मी मार्यूनची भूमिका बदलली.
'सुईण' खोडून 'माजी कर्मचारी'.
तक्त्यातली एक ओळ.

तोंडावर दार कुणी लावलं नाही तिच्या,
बटणं नुसती उगवली नाहीत.
वजनं, वेणांच्या वेळा, नाळ कापल्याची मिनिटं
सगळं जिथल्या तिथे,
फक्त तिच्यापुरतं नाही.

एक्केचाळीस वर्षं क्लाक्सविकच्या धुक्यात
होडीतून उतरून, दार न वाजवता
थेट माजघरात शिरणारी ही बाई
पडद्याकडे बघून म्हणाली,
"छान आवरलंस रे ब्रान्दुर. किती मोकळं वाटतंय."

मी हो म्हटलं.

नियम माझाच, आणि चुकलेलाही नाही.
काम संपलं की
दुसऱ्याच्या घरातलं कशाला दिसावं कुणाला?

ती गेल्यावर माझीच नोंद उघडली.
प्रशासकाला कोण अडवतो?
नोव्हेंबर, पहाटे तीन दहा.
स्कॅन केलेलं तिचं तिरकं अक्षर:
'मुलगा. रडायला वेळ लावला.
पाठीवर दोन थापा.'

खाली लगेच उमटलं
कोणी पाहिलं, किती वाजता.
ते मलाही पुसता येत नाही.