पादुआहून परत

रोजालीन आत्या पादुआला जाऊन आली.
ससूनमधल्या बत्तीस वर्षांच्या रात्रपाळ्यांतून उरलेले पैसे,
फादरांसकट चाळीस माणसं,
पिशवीत शेंगदाण्याची चटणी.

क्वार्टर गेटच्या चर्चबाहेर बायकांनी घेरलं :
काय पाहिलंस? काय मागितलंस?

जीभ पाहिली, म्हणाली.
संत अंतोनीची. काचेतली, आठशे वर्षांची,
वाळल्या आमसुलाएवढी.
नर्सच्या नजरेनं पाहिली, देवा माफ कर.

मग कबरीशी रांग. दगड गार.
हात टेकवून जो तो आपलं हरवलेलं मागत होता,
पुढचा माणूस रडत होता
कुठल्याशा भाषेत.
माझी पाळी आली
आणि इग्नासचा चेहराच आठवेना.
शहाऐंशी साली दळण आणायला गेलेला माझा भाऊ.
आठवला तो फक्त डबा,
सायकलच्या कॅरिअरला ट्यूबच्या रबरानं बांधलेला.
मागच्यांनी ढकललं. हात सुटला.

घरी, वडगाव शेरीत,
बशीतल्या चहावर फुंकर मारत मला सांगते :
अरे, अंतोनीला मोरोक्कोत मरायचं होतं.
तापानं परत धाडलं,
वाऱ्यानं जहाज नेऊन टाकलं सिसिलीला.
तो तरी कुठं पोचला ठरवलेल्या जागी?

मंगळवारी नोव्हेना संपली की
ती अजूनही नाना पेठेतून पायी येते,
सायकलच्या दुकानांपुढे रेंगाळते.
परवा एकाकडून तिनं
हातभर ट्यूबचं रबर विकत घेतलं.
कशाला, विचारलं
तर म्हणाली,
असू दे.